चुन्याचे हात

ईस्टरला पंधरा दिवस उरले की कालिम्नोस बेटावरच्या बायका माणसात राहत नाहीत. दिसेल त्याला चुना फासत सुटतात. भिंती, पायऱ्या, विहिरीचा काठ, अंजिराचे बुंधे, काही सोडत नाहीत. एका वर्षी कुणाची तरी म्हातारी गाढवीण उन्हात डुलक्या घेत उभी होती, तिला शेपटीकडून अर्धी रंगवून झाल्यावर ती हलली, तेव्हा कुठे बायकांना कळलं की ही भिंत नाही. खोटं वाटत असेल तर राहू दे. पुढचं गिळायला याहून अवघड आहे.

थेमेलिनाच्या वाट्याला दरवर्षी संत फोतिनीचं चर्च येई. गावापासून अर्ध्या तासाचा चढ चढून टेकडीवर, टीचभर. आत दहा माणसं उभी राहिली तर पाद्र्याला बाहेरूनच प्रार्थना म्हणावी लागेल, एवढंच. दाराच्या उजव्या अंगाला भिंतीत संगमरवराची एक शिळा बसवलेली होती. पूर्वी कधीतरी शेतात सापडली, बांधणाऱ्यांना दगड हवाच होता, तो आयता मिळाला. शिळेवर एक बाई खुर्चीवर बसलेली आणि तिच्यासमोर एक तरुण उभा. बाईनं डोक्यावरचं वस्त्र डाव्या हातानं जरासं बाजूला धरलेलं, आणि उजवा हात त्या तरुणाच्या उजव्या हातात. गाव त्यांना नुसतं ‘ती दोघं’ म्हणे. कोण, कधीची, असं कुणी कुणाला विचारलं नाही.

नियम एकच होता. बाकी शिळेला चुना लागला तरी चालेल, पण ते हातात घेतलेले हात उघडे ठेवायचे आणि त्यांना तेलाचं बोट लावायचं. कारण ईस्टर झाला की समुद्राच्या तळाचे स्पंज काढणाऱ्यांच्या होड्या आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघत, आणि निघालेल्या पाणबुड्याला त्याची बायको उंबऱ्यावर तस्साच हात देई. उजव्यात उजवा. बोलायचं काही नाही, रडायचं तर मुळीच नाही. हात दिलेला माणूस परत येतो.

थेमेलिना पाच वर्षं ते हातसुद्धा चुन्यात बुजवत आली होती.

गावच्या बायका कुजबुजत. तिची सासू सेवास्ती कुजबुजणाऱ्यांतली नव्हती. “अगं, दुसऱ्यांचे नवरे अजून जिवंत आहेत,” ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणे. “त्यांच्यासाठी तरी हात उघडे ठेव!”

“दुसऱ्यांच्या बायकांनी यावं आणि खरवडावं,” थेमेलिना म्हणे.

सेवास्ती डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात असे. समुद्रानं नवरा नेला तेव्हा एक काळं चढवलं, मुलगा नेला तेव्हा त्याच्यावर दुसरं. आणि थेमेलिना त्याच घरात निळा झगा घालून वावरे. एकाच माणसासाठी एक सुतकात आणि दुसरी वाट बघत, आणि दोघी रात्री एकाच थाळीतून ऑलिव्ह खात. म्हातारी दरवर्षी म्हणायची, त्याच्या नावाचा गहू उकडू या. मेलेल्याच्या नावानं गहू उकडतात, त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम घालतात, वर साखर पेरून चर्चमध्ये वाटतात. त्याशिवाय जीव सुटत नाही. थेमेलिना दरवर्षी पातेलं लपवून ठेवायची. गेल्या वर्षी तर ते विहिरीतच सोडून दिलं होतं.

थेमेलिनाचा नवरा साकेलारिस जुन्या चालीचा पाणबुड्या. लोखंडी टोप नको, हवेची नळी नको. संगमरवराचा चपटा दगड दोन्ही हातांत धरायचा, दगडाला दोर, आणि उघड्या अंगानं सरळ तळ गाठायचा. दोराचं दुसरं टोक वर होडीत. खालून झटके देऊन बोलायचं: एक म्हणजे पोचलो. दोन म्हणजे दोर सोड, मला पुढं जायचंय. तीन म्हणजे ओढ.

हीच भाषा त्यानं घरात आणली. त्यांच्या लग्नात पाद्र्यानं प्रार्थना अशी लांबवली की मेणबत्त्या निम्म्या झाल्या. तेव्हा साकेलारिसनं तिच्या तळव्यावर तीन दाब दिले. ओढ मला, बुडतोय. ती भर लग्नात फस्सकन हसली, आणि ते हसू सासूनं काही तिला माफ केलं नाही.

तो शेवटचा निघाला त्या वर्षी होडीच्या मालकाला घाई होती. दुसऱ्यांच्या आधी स्पंज गाठायचे म्हणून ईस्टर न करताच निघायचं ठरलं. थेमेलिना भडकली. “अरे, बकरंसुद्धा ईस्टरपर्यंत घरी थांबतं!”

“थांबतं आणि मग त्याचं काय होतं ते बघ,” तो म्हणाला.

ती हसली नाही. निघायच्या दिवशी सकाळी ती मुद्दाम उंबराच रंगवायला बसली. त्यानं बोचकं खांद्यावर टाकलं आणि हात पुढं केला. त्या हाताची करंगळी वाकडी होती, पोरवयात दोराच्या पिळात सापडून मोडलेली. ती बाकीच्या बोटांशी भांडण असल्यासारखी बाहेर तोंड करून असे. थेमेलिनानं वर बघितलं नाही. “माझे हात चुन्याचे आहेत. आल्यावर देईन.”

तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं हात विजारीला पुसला, जसा काही त्याचाच हात खराब होता. आणि गेला.

हिवाळी पावसाच्या तोंडाशी होडी आली. मालकानं तो चपटा दगड आणून उंबऱ्यावर ठेवला. दोर धरणारा म्हणाला, “एक झटका आला, पोचल्याचा. मग काही नाही. ओढला तर दगड एकटाच वर.”

त्या दगडाचा थेमेलिनानं दाराला अटकाव केला होता. दार उघडं राहावं म्हणून.

तर पाच वर्षांनंतर, ईस्टरआधीच्या एका सोमवारी ती चुन्याची बादली घेऊन चढ चढली, तेव्हा शिळेपुढं एक माणूस गुडघ्यांवर बसलेला. फेदोन मास्तर, अथेन्सहून आलेला, बेटावरच्या जुन्या दगडांची यादी करणारा. हडकुळा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि नमस्काराच्या आधी मोजपट्टी काढणारा.

“कुणी केलं हे?” त्यानं चुन्याकडे बोट दाखवलं.

“आम्ही. गेली शंभर वर्षं,” थेमेलिना म्हणाली. “तुम्ही उशिरा आलात.”

त्यानं सांगितलं की ही शिळा शुक्रवारच्या आगबोटीनं संग्रहालयात जाणार. भिंतीचं भोक सरकार बुजवून देईल.  पाच वर्षं थेमेलिनानं त्या हातांकडे बघितलं नव्हतं. पण ते तिथं, चुन्याखाली, आहेत हे तिला दर सकाळी उठल्याबरोबर आठवे. ते गेले तर ती कशाची वाट बघणार?

“द्यायची नाही,” ती म्हणाली.

“ताई, ती तुमची नाही.”

“मग काय तुमची आहे?”

तेवढ्यात मागून धापा टाकत सेवास्ती आली, सुनेची शिदोरी घेऊन. सातूचा कडक पाव आणि दोन कांदे. तिनं मास्तरला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक कांदा त्याच्या हातात ठेवला. “खा. नाहीतर वारा नेईल. आणि सांग तरी, ही दोघं कोण?”

मास्तर खुलला. कांदा हातात तसाच धरून म्हणाला, “हा थडग्याचा दगड आहे, आजी. दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. दोघांतलं एक मेलेलं आहे आणि दुसरं त्याचा निरोप घेतंय.”

“कोणतं मेलंय?”

“ते कळत नाही. कोरणाऱ्यानं दाखवलेलंच नाही. कुणी रडत नाही, कुणी फिकं नाही. बघा ना, दोघंही सारखीच.”

“नवराबायकोत मेलंय कोण आणि जिवंत कोण, हे लग्न झाल्यावर कुणालाच कळत नाही,” सेवास्ती म्हणाली. “त्याला दोन हजार वर्षं कशाला?”

मास्तर लाकडी सुरीनं चुना काढत होता. कांद्यासारखे पापुद्रे निघत होते. बाईची खुर्ची निघाली, तरुणाचा खांदा निघाला. हातांवर पाच वर्षांच्या चुन्याचा पावाएवढा गोळा झाला होता. त्यानं सुरी घातली, गोळा अख्खा सुटून खाली पडला आणि फुटला.

हातात हात नव्हता.

बाईचा हात पुढं आलेला, तरुणाचा हात पुढं आलेला, आणि मध्ये तीन बोटं रुंद मोकळी जागा. मागचा सपाट दगड दिसत होता.

“मोडलंस का रे तू?” सेवास्ती ओरडली.

 मास्तरनं भिंग काढलं, बराच वेळ त्या फटीत बघितलं. मग पिशवीतून जुना फोटो काढला. बेट इटलीवाल्यांच्या ताब्यात असताना त्यांच्या कुणा अधिकाऱ्यानं काढलेला. हेच चर्च, हेच दार, हीच शिळा, बाईच्या वस्त्राला हाच टवका. आणि हात हातात. घट्ट.

“मोडलेला दगड असा गुळगुळीत नसतो,” तो अखेर म्हणाला. “हे मुळातच असं कोरलंय. मध्ये जागा ठेवून.” मग फोटोकडे बघून, स्वतःशीच, “दुसरी शिळा असेल.”

“एवढंसं बेट,” सेवास्ती म्हणाली, “आणि दोन शिळा?”

 थेमेलिनाला आपल्या उजव्या हाताचं काय करावं ते कळेना. तिनं तो झग्याच्या खिशात घातला.

मंगळवारी मास्तरनं शिळेचा कागदी ठसा घेतला. जाड कागद पाण्यात भिजवून दगडावर पसरायचा, ब्रशनं ठोकून ठोकून खाचाखोचांत बसवायचा, वाळला की सोलून काढायचा. मग दगडाची प्रत्येक रेघ कागदावर उमटलेली मिळते. थेमेलिनानं बादली धरली. कागद उन्हात वाळला, त्यानं मोजपट्टी लावली, आणि चष्मा पुसून पुन्हा लावली.

“काल तीन बोटं होती ना?”

“तीन,” थेमेलिना म्हणाली.

“ही दोन आहेत.” मग तो हसला. “कागद वाळताना आक्रसतो. होतं असं.”

“मग बाईचं नाक आक्रसलं का?”

त्यानं नाक मोजलं. नाक होतं तेवढंच होतं.

बुधवारी दुसरा ठसा घेतला. एक बोट. या वेळी त्यानं दगडालाच पट्टी लावली आणि हात चटकन मागं घेतला. तरुणाची बोटं ओली होती. त्याच्या बोटांवरून पाण्याचा थेंब खाली आला आणि उंबऱ्याच्या धुळीत विरला.

“भिंतीत ओल आहे,” तो म्हणाला.

पाऊस पडून महिना झाला होता. समुद्र अर्धा तास खाली होता. थेमेलिनानं बोटानं तो ओलावा टिपला आणि मास्तरची पाठ वळल्यावर जिभेला लावला.

खारट.

त्या संध्याकाळी मास्तरनं तिन्ही कागद, म्हणजे दोन ठसे आणि तो फोटो, एका नळकांड्यात घातले आणि झाकण लावलं. त्याला आता मोजायचं नव्हतं. शिळा पेटीत घालून एकदा आगबोटीवर चढवायची होती. “शुक्रवारी सकाळी गवंडी येतील,” तो म्हणाला, आणि टेकडी उतरताना एकदाही मागं बघितलं नाही.

थेमेलिनानं घरी येऊन सासूला काही सांगितलं नाही. पण झोपायच्या आधी ती बराच वेळ उंबऱ्याशी बसली, अटकावाच्या दगडावर हात ठेवून. म्हातारी आतून बघत होती.

“तो येणार नाही, पोरी,” सेवास्ती म्हणाली. आवाजात नेहमीचं मीठ नव्हतं. “माझा नवरा नाही आला. मी पण बसले होते याच उंबऱ्यावर.”

“तुम्ही त्यांना हात दिला होता, आई?”

“दिला होता की. मग? समुद्राला काय हात बघता येतो?” तिनं काळी शाल खांद्यावर ओढली. “साकेलारिसला मात्र मी नाही दिला. मी म्हटलं, आता बायकोनं द्यायचा. आईचं काम संपलं.”

गुरुवारी दुपारी थेमेलिना एकटीच वर गेली. बेटावर दुपारी बारा ते तीन कुणी बाहेर पडत नाही. रात्रीची भुतं भित्री असतात, अंधार धरून चालतात. दुपारच्यांना कशाचीच भीती नसते. मास्तर खाली खानावळीत जेवून झोपलेला. थाइमच्या झुडपांवर मधमाश्या होत्या, लांब कुठंतरी बकरीची घंटा.

तिनं आधी चर्चची मागची भिंत रंगवली. काम अर्धवट टाकून जाणाऱ्यांतली ती नव्हती. मनगटापर्यंत चुना झाला. मग ती पुढं आली आणि शिळेसमोर उभी राहिली.

फट आता करंगळीएवढी होती.

बाईचा हात होता तिथंच होता. पुढं आला होता तो त्याचा.

मधमाश्या थांबल्या.

थेमेलिनानं हात झग्याला पुसायला घेतला, आणि पुसला नाही. तसाच, चुन्याचा, पुढं केला.

“हे घे,” ती म्हणाली. “असाच आहे.”

करंगळीएवढ्या फटीत तिचा हात गेला. कसा गेला, ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही.

आधी दगड लागला. गार, खरखरीत.

मग तो दगड नव्हता.

ओला होता. जड होता. तळव्याला दोराचे घट्टे होते. आणि एका कडेला एक बोट बाकीच्यांपासून फटकून, बाहेर तोंड करून.

तिनं डोळे मिटले.

एक दाब आला.

पोचलो.

तिनं उलट दाबलं. हां. कळलं.

दुसरा दाब आला.

ती तिसऱ्याची वाट बघत राहिली. तिसरा आला असता तर तिनं भिंत उपटली असती, टेकडी उपटली असती. तिनं दात आवळले, पाय दाराच्या चौकटीला रोवले.

तिसरा आला नाही.

ऊन तिच्या मानेवरून खांद्यावर सरकलं. हात तिच्या हातात तसाच होता, ओढत नव्हता, सोडतही नव्हता. दोन म्हणजे काय, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

दोर सोड. मला पुढं जायचंय.

तिनं एकेक बोट उघडलं.

खाली गावात कुणाचा तरी कोंबडा अवेळी आरवला, मधमाश्या पुन्हा सुरू झाल्या. शिळेवर दोन हात होते आणि मध्ये बोटभर फट. तरुणाच्या दगडी बोटांना चुना लागला होता.

ती घरी आली, विहिरीवर हात धुतले, विहिरीच्या तळातून आकडीनं पातेलं काढलं, घासलं. सेवास्ती दारात उभी राहून बघत होती.

“आई,” थेमेलिना म्हणाली, “गहू भिजत घाला.”

म्हातारीनं पाच वर्षं या शब्दांची वाट बघितली होती. ती काही तरी टोचून बोलेल असं वाटलं. तिनं नुसतं पातेलं हातातून घेतलं, आणि ते रिकामं पातेलं बराच वेळ पोटाशी धरून उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी गवंड्यांनी शिळा काढली. थेमेलिना वर गेली नाही. तिनं आता हरकत घ्यायचं काही कारण नव्हतं. सेवास्ती मात्र काठी घेऊन निघाली. “पन्नास वर्षं या घरानं त्या दोघांना चुना लावलाय,” ती म्हणाली. “कुणी तरी निरोप द्यायला नको? आणि त्या हडकुळ्याला एखादा कांदा.”

दुपारी ती परत आली. पेटी खेचरांवरून बंदरावर गेली होती. गहू चुलीवर शिजत होता, घरभर त्याचा गोडसर वास भरला होता. थेमेलिना बदाम सोलत बसली होती. सकाळीच तिनं निळा झगा घडी करून पेटाऱ्यात ठेवला होता आणि सासूचा जुना काळा अंगात घातला होता. तो तिला आखूड होत होता.

“आलात? ते डाळिंब घ्या बघू सोलायला. मास्तर काय म्हणाला?”

सेवास्ती बसली. उजवा हात तिनं शालीखाली गुंडाळून धरला होता. डाळिंबाकडे तिनं बघितलं नाही.

“आई? पडलात का कुठं?”

“गवंडी खिळे आणायला गेले होते,” म्हातारी म्हणाली. “पेटी उघडीच होती. मी म्हटलं, आपणही एकदा हातात हात देऊन बघावा. आजवर नुसतं तेलाचं बोट लावलं होतं.” तिनं सुनेकडे बघितलं. “तुला किती दिले?”

थेमेलिनानं ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

“काय किती?”

“दाब.”

चुलीवर पाणी उकळत होतं.

“दोन,” थेमेलिना म्हणाली.

सेवास्तीनं हळूच शाल बाजूला केली आणि तळवा उघडला. सुरकुतलेल्या तळव्यावर चुन्याची बोटं उमटली होती. चुना अजून ओला होता. चार बोटं सरळ, आणि कडेचं एक वाकडं, बाहेर तोंड करून.

बंदराकडून आगबोटीचा भोंगा ऐकू आला, मग तिचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज, मग तोही लांब लांब जात राहिला.

“मला तीन दिले गं,” म्हातारी म्हणाली. “आणि मी घाबरून हात काढून घेतला.”